कपच्या काढण्याजोगा दगड आपल्याकडे कुठे मिळतो आणि ओळखायचा कसा?

बिनधारी (धागाकर्ता)
मंडळी, गेल्या पावसाळ्यात दगडाची हत्यारं घडवण्याचे व्हिडिओ बघायचं व्यसन लागलं. समोरचा माणूस मांडीवर चामडं टाकून बसतो, टकटक करतो आणि अर्ध्या तासात पिंपळाच्या पानासारखं पातं तयार. आपल्यालाही जमेल असं वाटलं.

शिरूरजवळ आमचं शेत आहे. बांधावरचा काळा धोंडा घेतला आणि हातोडा हाणला. पहिला घाव उसळून आला, दुसरा अंगठ्यावर बसला. तिसऱ्याला धोंडा दुभंगला, पण कड अशी की तिने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही. आणखी चार दगड फोडले. बायको म्हणाली, खडी पाडायची असेल तर क्रशरवाल्याला सांगू, तो ट्रॉलीने देईल.

तर प्रश्न असा: आपल्या महाराष्ट्रात चकमकीचा दगड मिळतो का? कुठे बघायचं? हातात घेतल्यावर चांगला-वाईट कसा ओळखायचा?

ता. क. विहीर खोदताना निघालेला एक मोठा स्फटिक घरात आहे. हिरवट झाक असलेला, काचेसारखा चकचकीत. उद्या तो फोडून बघतोय.

पाऊसवेडी
थांबा!!! तो स्फटिक फोडू नका. आधी फोटो टाका.

हिशेबी_माणूस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अंगठ्याचाही फोटो टाका.

खडकखोदे
कॉलेजात भूशास्त्र शिकवण्यात हयात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

युरोपात ज्याला चकमक म्हणतात तो दगड खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या थरांत गोळ्यांच्या रूपात सापडतो. आपलं दख्खनचं पठार साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. इथे तसे खडूचे थर नाहीत, म्हणून तशी चकमकही नाही. पण हिरमुसू नका. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका (काच आणि वाळू जिची बनते ती) त्या पोकळ्यांत साचत गेली. तेच आपले अकीक, कॅल्सेडोनी, जॅस्पर. कामाच्या दृष्टीने ती चकमकीची सख्खी चुलत भावंडं.

आता तुमचा काळा धोंडा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. त्यात फेल्डस्पार, पायरॉक्सीन वगैरेंचे कण असतात. कण जितके भरड तितकी भेग वाकडीतिकडी जाते. भोकं असतील तर घावाचा जोर प्रत्येक भोकाशी अडखळतो. हवा तो दगड एकसंध आणि इतका बारीक कणांचा पाहिजे की घावाची लाट त्यातून विनाअडथळा पुढे जावी. अशा दगडाच्या भंगाला शंखाभ भंग म्हणतात. बाटलीचा जाड तुकडा बघा, फुटलेल्या कडेला शिंपल्यासारख्या गोल लाटा दिसतात. दगडावर त्या दिसल्या की समजायचं, गाडी बरोबर रस्त्याला आहे.

आणि हो, तो स्फटिक हिरवट चकचकीत असेल तर अपोफिलाइट असण्याची शक्यता बरीच. तो एका दिशेत पापुद्र्यासारखा सपाट फुटतो. हत्यार होणार नाही, नुकसान मात्र होईल. असल्या स्फटिकांना संग्राहक चांगले पैसे मोजतात.

बिनधारी
बापरे. स्फटिक पुन्हा शोकेसमध्ये ठेवला आहे. बायकोने हातोडा लपवला आहे.

मालवणी_मिरची
आमच्याकडे खय बघशात थंय जांभो. चिरो गावता, चकमक नाय गावणा. जांभ्याचा हत्यार केलास तर शत्रू पुसूक जायत.

खडकखोदे
मिरची, :) जांभा भोकाळ आणि मऊ, त्याच्या कपच्या निघत नाहीत हे खरंच. पण सिंधुदुर्गात आणि गोव्यात जांभ्याखाली जुने खडक आहेत, त्यात क्वार्टझाइट, म्हणजे वाळूचे कण घट्ट जुळून झालेला कठीण खडक, मिळतो. ओढ्यातले गुळगुळीत गोटे बघा. अकीकाइतकी धार येत नाही, पण देशात मोठी हातकुऱ्हाड करायला आदिमानवाने सर्रास वापरलेला दगड तोच. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमची हत्यारं क्वार्टझाइटचीच आहेत.

गोदाकाठ
धागा वाचून राहवलं नाही. मी नेवाशाच्या बाजूचा. प्रवरेकाठी १९५४ ते ५६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या पथकाने उत्खनन केलं, ते पाहिलेली माणसं माझ्या लहानपणी गावात होती. तिथली मजा अशी की खालच्या थरात बेसॉल्टच्या जातीच्या काळ्या दगडाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी, आणि वरच्या थरात जॅस्पर, चर्ट (चकमकीच्याच जातीचा दगड), अकीक यांच्या लहान तासण्या. म्हणजे बिनधारींनी जी चूक केली ती आदिमानवाने केली नव्हती. काळा दगड त्यानेही घेतला, पण निवडून.

धागाकर्त्यांना एक विनंती. तुम्ही शिरूरचे, इनामगाव तुमच्याच तालुक्यात, घोडनदीच्या काठी. तिथे ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी कॅल्सेडोनीची पाती मोठ्या प्रमाणात केली. अशा जागी जाऊन "रेडीमेड कपच्या" गोळा करू नका. शेतात पडलेली एक कपची कुठल्या जागेवर होती यालाच अभ्यासकाच्या लेखी किंमत असते. खिशात गेली की ती नुसती गारगोटी.

हिशेबी_माणूस
म्हणजे नदीतला दगड उचलायचा नाही, शेतातला उचलायचा नाही, घरातला फोडायचा नाही. बिनधारी, तुम्ही क्रिकेट बघा.

गोदाकाठ
हलके घ्या. नैसर्गिक गोटा उचलायला माझी ना नाही. माणसाने घडवलेला उचलू नका एवढंच.

नागपुरी_संत्रं
पण साध्या माणसाला कळावं कसं, की हा आपोआप फुटलेला का माणसाने फोडलेला?

खडकखोदे
चांगला प्रश्न. माणसाने नेमका घाव घातला की कपचीच्या आतल्या अंगाला, घाव बसला तिथून लगेच खाली, बारीकसा फुगवटा येतो. वर घाव बसलेली छोटी सपाट जागा दिसते. पाठीवर आधी काढलेल्या कपच्यांच्या खाचा असतात, त्याही एका धोरणाने काढलेल्या. उन्हाने किंवा वणव्याने तडकलेल्या दगडात हे एकत्र दिसत नाही. गोम अशी की खडीच्या क्रशरमधल्या तुकड्यांवरही कधीकधी फुगवटा येतो. मुरमाच्या रस्त्यावर "आदिमानवाचं हत्यार" सापडल्याचे फोटो मला महिन्याला दोन-तीन येतात.

चुनखडीकर
इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहते, मूळची साताऱ्याची. इथे खडूचे कडे आहेत आणि त्यात काळ्या चकमकीच्या ओळीच्या ओळी. बाहेरून पांढरी साल, आतून काळी काच. जुन्या चर्चच्या भिंतीसुद्धा याच्याच. नॉरफोकमध्ये ग्राइम्स ग्रेव्हज नावाची नवाश्मयुगीन खाण आहे, चारशेहून जास्त खड्डे, हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी खणलेले. वरच्या थरातली चकमक सोडून ती माणसं खोल उतरली, कारण खालच्या थरातला दगड सरस. म्हणजे "चांगला दगड कुठला" हा धागा साडेचार हजार वर्षं चालू आहे.

इथे शिकलेली गोष्ट: समुद्रकिनाऱ्यावरचा गोटा दिसायला देखणा, पण लाटांनी वर्षानुवर्षं आपटून आत बारीक तडे गेलेले असतात. फोडला की हातात चुरा. कड्यातून नुकता सुटलेला गोळा कुरूप दिसतो, पण काम तोच देतो. (कडे उकरायचे नाहीत, आणि किनाऱ्यावरून खडे न्यायलाही बऱ्याच ठिकाणी बंदी आहे. विचारून घ्यायचं.)

पाऊसवेडी
+१. आपल्या नद्यांनाही हेच लागू. भीमेच्या, गोदावरीच्या पात्रातले गोटे बघा, अंगावर नखाने टोचल्यासारख्या चंद्रकोरी असतात. गोटे एकमेकांवर आपटल्याच्या खुणा त्या. जितक्या दाट तितका आतला भरवसा कमी.

माझी पद्धत सांगते. ट्रेकला जाताना खिशात एक भिंग आणि एक जुनी सुरी. आधी सुरीने ओरखडा. सुरीचा ओरखडा दगडावर उठला तर तो कॅल्साइट किंवा झिओलाइट, म्हणजे पोकळ्यांतच सापडणारी मऊ खनिजं, सोडून द्यायचा. उठला नाही, उलट दगडाने काचेवर ओरखडा काढला, तर सिलिका असण्याची आशा. कॅल्साइटची शंका असेल तर खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळायचं, बुडबुडे आले की कॅल्साइट. मग दगड ओला करून उन्हात धरायचा. पातळ कडेतून उजेड मधासारखा झिरपला तर कॅल्सेडोनी. जॅस्परमधून उजेड जात नाही, पण ओला केल्यावर त्याचे तडे दिसतात, कारण तड्यातलं पाणी उशिरा वाळतं.

आजी_ऑनलाइन
पोरांनो, तुम्ही आवाज विसरलात की. आमच्या दारात पाट्याला टाकी लावणारी बाई यायची. नवा पाटा विकताना ती आधी छिन्नीने टिचकी मारून दाखवायची. खणखणला तर घ्या, बद्द वाजला तर आत चीर आहे. मडकं घेताना नाही का वाजवून बघत आपण.

आणि चकमक म्हणाल तर माझ्या आजोबांच्या बटव्यात होती. लोखंडाची कडी, गारेचा तुकडा, आणि सावरीचा कापूस. चिलीम पेटवायला. ती गार ओढ्यातलीच होती हो, विलायतेहून नव्हती आली.

खडकखोदे
आजी, दंडवत. आवाजाची कसोटी पहिल्या क्रमांकाची आणि मीच ती विसरलो. दगड तळहातावर सैल ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, आणि दुसऱ्या लहान गोट्याने हलकी टिचकी मारायची. आवळून धरला की चांगला दगडही बद्द वाजतो.

फक्त एक: ठिणगी पडते ती लोखंडाची, दगड नुसता ते खरवडतो. त्यामुळे ठिणगी पाडणारी प्रत्येक गार पातं करायला चालेलच असं नाही. शेतात सापडते ती दुधाळ पांढरी गार ठिणगी छान पाडते, पण फोडली की खडीसाखरेसारखी भुगा होते.

नागपुरी_संत्रं
आमच्या विदर्भात आणि पलीकडे छिंदवाड्याकडे लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे तळ्यांचा गाळ साचून पुढे त्याचा चर्ट झालाय. पट्टेच्या पट्टे असतात. मस्त फुटतो. पण बाबांनो, मोहगाव कलानसारख्या ठिकाणी त्याच चर्टमध्ये झाडांचे जीवाश्म आहेत. पान, बी, खोडाचा काप दिसला की हातोडा खाली ठेवायचा. मी एकदा न बघता फोडला होता, आत कसल्यातरी फळाचा आडवा छेद निघाला. अजून जीव हळहळतो.

हिशेबी_माणूस
लोणारला उल्का पडली तेव्हा काच झाली होती म्हणे. ती चालेल का?

खडकखोदे
लोणारची काच म्हणजे बहुतेक बारीक मणी नि थेंब, आणि ती जागा संरक्षित. विषय संपला. जाता जाता, कुणी "दख्खनचा ऑब्सिडियन" म्हणून काळी काच विकत असेल तर खिसा सांभाळा. रस्त्याकडेला मिळणारी काळी, हिरवट, बुडबुडेवाली काच जवळजवळ नेहमी भट्टीतला मळ असतो. आदळआपट शिकायला मात्र तो वाईट नाही.

भरूचवाला
नोकरीनिमित्त अंकलेश्वरला आहे. इथून जवळच रतनपूर, अकीकाच्या जुन्या खाणी. तिथला माल खंबातला जातो आणि त्याचे मणी होतात. हडप्पा काळापासूनचा धंदा. खंबातला एका कारागिराच्या ओट्यावर दोन तास बसलो होतो, ते सांगतो.

एक, दगड भाजतात. कच्चा माल आधी उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून मंद आचेवर. भाजल्याने पिवळट दगड लाल होतो, आतल्या लोहाचा रंग बदलतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कारागीर म्हणाला की भाजलेला दगड "ऐकतो". कपची लांब निघते, जोर कमी लागतो. घाई केली, ओला दगड टाकला किंवा गरम असतानाच मडकं उघडलं की आतल्या आत तडकतो.

दोन, त्यांची घाव घालायची रीत आपल्या उलटी. जमिनीत लोखंडी खुंटी तिरकी रोवलेली. दगड डाव्या हातात, त्याची कड खुंटीच्या टोकाला टेकवायची, आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने दगडावर टोला. कपची निघते ती खुंटीच्या बाजूने! लिंबाएवढ्या दगडाला हीच रीत सोयीची.

तीन, त्या ओट्यावर पांढरी धूळ होती. खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हे मोठं दुखणं आहे, फुफ्फुसं कायमची जातात. सगळ्यात जास्त घासण्याच्या कामात, पण फोडतानाही धूळ उडतेच. बिनधारी, घरात, पंख्याखाली, पोरं जवळ असताना हे करू नका. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, चांगला मास्क आणि चष्मा लावून करा.

बिनधारी
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. अंगठ्याची नखी काळी पडली आहे, बाकी ठीक. एक शंका: व्हिडिओत हरणाचं शिंग वापरतात. ते इथे कुठे मिळेल?

गोदाकाठ
मिळेल तिथे तुरुंगही मिळेल. सांबर-चितळाचं शिंग, गळून पडलेलंसुद्धा, बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. जंगलात दिसलं तरी उचलायचं नाही.

भरूचवाला
म्हशीचं शिंग आहे की. नाहीतर भंगारवाल्याकडून तांब्याची जाड सळई घ्या, लाकडी मुठीत बसवा. कडेवर दाब देऊन बारीक कपच्या काढायला तांबं उत्तम. मोठ्या घावाला गुळगुळीत गोटा.

हिशेबी_माणूस
आणि सरावाला बाटलीचे बूड. साहित्य गोळा करण्याची जबाबदारी मी आणि माझे मित्र निःस्वार्थपणे घेऊ.

चुनखडीकर
हिशेबी, चेष्टा नाही, इथे सगळे बाटलीच्या बुडावरच शिकतात. फुटक्या कमोडची जाड चिनी मातीसुद्धा चालते. फक्त काम खाली जुनी चादर अंथरून करा आणि सगळा चुरा उचला. दगडाचा चुराही नदीकाठी टाकू नका, शंभर वर्षांनी कुणी बिचारा त्यावर प्रबंध लिहील.

पाऊसवेडी
अवांतर: कुकडी नदीकाठचं बोरी कुणी पाहिलंय का? ज्वालामुखीच्या राखेच्या थराजवळ हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या ते?

गोदाकाठ
पाहिलंय. त्या राखेचं वय किती यावर तज्ज्ञांत जुंपलेली आहे, एक म्हणतो पाऊण लाखाच्या आसपास, दुसरा म्हणतो कितीतरी लाख वर्षं. इथे सुरू केलंत तर धाग्याचं काश्मीर होईल.

खडकखोदे
मूळ प्रश्नाकडे येतो, "कुठे बघायचं". बिनधारी, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहिलंय आणि तुमच्या लक्षात आलं नाही. विहीर! स्फटिक निघाला म्हणजे तो थर पोकळ्यांचा. विहिरीच्या काठावर टाकलेला मुरमाचा ढीग अजून आहे का? त्यातले गोळे नदीत आपटलेले नाहीत, नांगराला लागलेले नाहीत, उन्हाने तापून पांढरी साल धरलेले नाहीत. बटाट्यासारखे, खडबडीत सालीचे, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारे गोळे शोधा. हलका लागला तर आत पोकळी आणि स्फटिक, तो शोकेसला.

बिनधारी
(बारा दिवसांनी)
रविवारी शेतावर गेलो. ढीग आहे, त्यावर घाणेरी माजली आहे. दोन तासांत अकरा गोळे निवडले. चुलतभाऊ बांधावर बसून विचारत होता, सोनं निघालं का.

घरी गच्चीवर चाळणी लावली. सुरीने दोन बाद, कॅल्साइट, लिंबाने फसफसले. आजींच्या टिचकीने तीन बाद. दोन हलके लागले, फोडले नाहीत, धाकटी घेऊन गेली. उरले चार. गोल गोळ्याला घाव घालायला कोनच सापडेना, गोटा घसरून जाई. शेवटी फरशीच्या तुकड्यावर उभा धरून वरून टोला दिला (चिमट्याने धरला, अंगठ्याने नाही). पहिला मधोमध उघडला तर आत पट्टे आणि मधे साखरेसारखे स्फटिक, पातं स्फटिकापर्यंत येऊन मोडतं. दुसरा आणि तिसरा तसाच. चौथा मात्र आतून सलग, करड्या निळ्या रंगाचा, ओल्या काचेसारखा. त्याच्यातून सात कपच्या निघाल्या. सगळ्यात लांब माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. बिनधारी आता बिनधारी राहिला नाही, टोमॅटो कापला, सालीसकट, न चिरडता.

एक कळलं. इनामगावच्या लोकांनी एवढी लहान लहान पाती का केली हे मला कोडं होतं. दगडच एवढा असतो!

आजी_ऑनलाइन
शाब्बास रे. आता कांदा काप, मग खरं.

खडकखोदे
शेवटचं वाक्य वर्गात सांगायला चोरतोय. आणखी एक कारण होतं, ती पाती लाकडात ओळीने बसवून विळ्यासारखी वापरता येत, एक मोडलं तर तेवढंच बदलायचं. पण कच्च्या मालाचा आकार हा मुद्दा पक्का. फोटो टाका, आणि उरलेला गाभा फेकू नका.

भरूचवाला
आधीच्या तीन गोळ्यांच्या स्फटिकांबाहेरचा जो सलग पट्टा आहे तो वाया घालवू नका. वाळवून, मडक्यात राखेत पुरून, रात्रभर मंद आचेवर ठेवून बघा. सकाळी पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण काढायचं नाही.

बिनधारी
मडकं आणलंय. बायको विचारतेय, आत काय शिजतंय. फोटो रात्री टाकतो.

हिशेबी_माणूस
दगड शिजला का हे बघायला सुरी घालून बघा.